वापरलेली गाडी कोठून घ्यावी : थेट मालकाकडून, डीलरकडून की कंपनीच्या प्रमाणित विक्री केंद्रातून?

प्रश्न

नमस्कार. घरच्यांसाठी वापरलेली चारचाकी घेण्याचा विचार बऱ्याच दिवसांपासून चालू आहे. रोजची ये-जा आणि अधूनमधून लांबचा प्रवास एवढाच वापर असेल. गाडी पुढची काही वर्षे बदलायची नाही आणि मॉडेलही जवळपास ठरले आहे. अडले आहे ते एकाच ठिकाणी : गाडी घ्यावी कोणाकडून?

ज्यांना विचारावे ते वेगळेच सांगतात. मालकाकडून घेतली तर मधल्या माणसाचा नफा वाचतो, असे काहींचे म्हणणे आहे. पण व्यवहार झाल्यावर मालकाने हात झटकले तर जायचे कोणाकडे, असा प्रश्न त्यांनाच विचारला की ते गप्प होतात. डीलरकडे एकाच जागी अनेक गाड्या पाहता येतात, मात्र त्या इतक्या चकचकीत केलेल्या असतात की आत काय आहे याचा अंदाज येत नाही. कंपनीच्या प्रमाणित केंद्रात किंमत बरीच जास्त आहे. शिवाय लिलाव आणि ऑनलाइन विक्री आहेच.

मला यंत्रातले फारसे कळत नाही. त्यामुळे विक्रीची जागा विश्वासू निवडली, की गाडीही आपोआप भरवशाची मिळेल, अशी माझी समजूत आहे. ती कितपत बरोबर आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी खरेदीदारांच्या वतीने वापरलेल्या गाड्या तपासण्याचे काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपली समजूत निम्मी बरोबर आहे. जागेवरून दोन गोष्टी ठरतात : समोरच्या माणसाला या विशिष्ट गाडीबद्दल किती माहिती आहे, आणि उद्या दोष निघाला तर त्याची झळ कोणाला बसणार. गाडीची प्रकृती मात्र जागेवरून ठरत नाही. ती गाडी आजवर ज्याने चालवली आणि ज्याने दुरुस्त केली, त्यांच्या हातून ती केव्हाच ठरलेली असते.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या गाड्यांच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन एक गाजलेला निबंध लिहिला होता, आणि २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्यामागे हेच काम होते. त्यांचा मुद्दा असा, की विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सरासरी दर्जाला साजेशीच किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगली गाडी विकणे मालकांना परवडत नाही, ते बाजारातून माघार घेतात आणि मागे उरलेल्या गाड्यांचा दर्जा आणखी खालावतो. हमी, नावाजलेली पेढी यांसारख्या गोष्टी या कोंडीवरचे उपाय म्हणून उभ्या राहतात, हेही त्यांनी त्याच निबंधात मांडले आहे. आपण विचारलेल्या प्रत्येक जागेकडे याच नजरेने पाहावे, असे मला वाटते : इथे माहितीची दरी कोणत्या मार्गाने भरून निघते आहे, आणि त्यासाठी मी किती जास्त पैसे मोजतो आहे?

थेट मालकाकडे माहिती सर्वांत जास्त असते आणि नंतरची जबाबदारी सर्वांत कमी. डीलरचे बहुधा उलटे असते. त्याच्याकडची गाडी नव्या गाडीच्या बदल्यात किंवा लिलावातून नुकतीच आलेली असते, त्यामुळे तिच्या मागच्या आयुष्याबद्दल त्यालाही फारसे माहीत नसते; पण तो दुकान थाटून बसलेला आहे, त्याला नाव टिकवायचे आहे, आणि अनेक देशांत ग्राहक संरक्षणाचे कायदे खासगी विक्रेत्यापेक्षा व्यावसायिक विक्रेत्याला जास्त बांधून ठेवतात. आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते व्यवहारापूर्वी पाहावे, कारण ‘जशी आहे तशी’ या अटीवर सही केल्यावर कोणता हक्क उरतो हे सगळीकडे सारखे नसते.

आता प्रमाणित गाड्यांबद्दल. ‘प्रमाणित’ या शब्दाला आपण होऊन काहीच अर्थ नाही. प्रमाणपत्र कोणी दिले यावर सगळे अवलंबून आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या योजनेत सामान्यतः ठरावीक वयाच्या आणि ठरावीक किलोमीटरच्या आतल्याच गाड्या घेतल्या जातात, आणि ही चाळणी खरोखर उपयोगी असते. वॉरंटीमागे कंपनी स्वतः उभी असते. याउलट एखाद्या विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या चिठ्ठीवरही तोच शब्द असू शकतो. म्हणून तपासणीची यादी मागा, आणि मागताना कोरा नमुना न घेता या गाडीसाठी भरलेली, तारीख आणि सही असलेली यादी पाहा. वॉरंटीत काय आहे यापेक्षा काय वगळले आहे ते आधी वाचा. ब्रेक पॅड, क्लच, टायर, बॅटरी असे झिजणारे भाग बहुतेक वेळा वगळलेलेच असतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु गिअरबॉक्सचे आतले भाग, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा इलेक्ट्रिक भाग हेही वगळलेले असतील, किंवा एका दाव्याची कमाल रक्कम अगदी तुटपुंजी असेल, तर त्या जादा किमतीच्या बदल्यात आपल्या पदरात काय पडते याचा हिशेब शांतपणे करावा.

जागा कोणतीही असो, एक अट मात्र सोडू नका. गाडी आपल्या पसंतीच्या, विक्रेत्याशी काहीही संबंध नसलेल्या मेकॅनिकला दाखवायची, आणि तीही लिफ्टवर चढवून. विक्रेत्याला पारखण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. ज्याला लपवण्यासारखे काही नाही तो वेळ ठरवून देतो. ज्याच्याकडे आहे त्याला अचानक दुसरे गिऱ्हाईक आठवते.

तपासणीतल्या दोन गोष्टी आपण स्वतःही करू शकता. पहिली म्हणजे थंड इंजिन सुरू होताना पाहणे. ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे आधीच सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून पाहा. पत्रा कोमट लागला, तर गाडी का गरम केली ते विचारा, कारण कितीतरी दोष इंजिन तापले की दडून बसतात. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, इंजिनचा आणि एअरबॅगचा इशारा देणारे दिवे लागले पाहिजेत आणि थोड्या वेळाने विझले पाहिजेत. दिवा मुळीच लागला नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मग दुसऱ्या कोणाला तरी मागे उभे करून धूर पाहायला सांगा. थंडीत सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ लगेच विरते, तिची काळजी नको; पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आत जळत असण्याची शक्यता असते, निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि पेट्रोल गाडीतून काळा धूर म्हणजे इंधन गरजेपेक्षा जास्त जाते आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मेकॅनिककडे असते. कारखान्यातला मूळ रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरतो, गाडीगणिक थोडा कमी-जास्त. एखाद्या दारावर याच्या दुप्पट आकडा दिसला तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे, आणि आकडा हजाराच्या घरात गेला तर पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. एक दार रंगवलेले असणे हा दोष नव्हे. ओरखडे कोणत्याही गाडीला पडतात. छताचे खांब, चासीचे पुढचे दांडे किंवा डिकीच्या तळाचा पत्रा यांवर काम झालेले दिसले, तर मात्र ती गाडी तिथेच सोडून यावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे. तरीही थेट मालकाच्या बाजूने मी थोडे अधिक ठामपणे बोलेन. एकाच हातात राहिलेली, सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवलेली गाडी मिळाली, तर तिच्यासमोर मला कोणतेही प्रमाणपत्र फिके वाटते. पावत्यांची फाइल म्हणजे त्या गाडीचे चरित्र असते. त्यात ऑइल केव्हा बदलले एवढेच नसते. सांगितलेले काम मालकाने वेळेवर केले की पुढे ढकलले, एकच तक्रार वारंवार येते आहे का, आणि दर पावतीवरचे किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का, हे सारे कळते. पावत्या घरी नेऊन सावकाश वाचू देणारा मालक भेटला तर निम्मे काम झाले असे समजावे.

मात्र समोरचा माणूस खरोखर मालक आहे याची खात्री करून घ्यायला हवी. बरेच व्यापारी खासगी मालक असल्याचे भासवून घरून गाड्या विकतात, म्हणजे व्यावसायिकावर येणारी जबाबदारी टळते. फोन केल्यावर गाडीचे नाव न घेता ‘आपली गाडी विकायची आहे, त्याबद्दल विचारायचे होते’ एवढेच म्हणा. ‘कोणती गाडी?’ असा उलट प्रश्न आला, तर त्यांच्याकडे विकायला एकाहून अधिक गाड्या आहेत हे उघड झाले. भेट कागदपत्रांवरच्या पत्त्यावरच ठरवा, आणि नोंदणीवरचे नाव समोरच्या व्यक्तीच्या ओळखपत्राशी ताडून पाहा.

त्यानंतर चासी नंबर. १९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांचा हा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो, आणि १ व ० या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरत नाहीत. तो समोरच्या काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर, चासीवर अशा एकाहून अधिक ठिकाणी सापडतो. सगळीकडे तोच क्रमांक असायला हवा आणि कागदांवरही तोच. एकही अक्षर वेगळे निघाले किंवा क्रमांकाभोवतालचा पत्रा खरवडल्यासारखा दिसला, तर पुढे बोलणी करू नयेत.

गाडीवर कर्जाचा बोजा आहे का हेही स्वतः तपासावे, मालकाच्या तोंडी आश्वासनावर थांबू नये. कर्ज शिल्लक असेल तर पैसे मालकाच्या हाती न देता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेत भरावेत आणि बोजा उतरल्याचे पत्र हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. डीलरकडून घेताना ही काळजी तो वाहतो, आणि थोडी जास्त किंमत देण्याचे ते एक रास्त कारण आहे, हे मान्य करायला हवे.

प्रतिसाद ३

लिलावाबद्दल थोडक्यात. तिथे गाडी चालवून पाहू देत नाहीत, तपासणीला मिळाले तर काही मिनिटे मिळतात, आणि बोली लागली की परत फिरता येत नाही. ज्यांचा तो रोजचा व्यवसाय आहे आणि ज्यांच्याकडे स्वतःचे गॅरेज आहे त्यांनाच ते परवडते. प्रश्नकर्त्यांनी तिकडे जाऊ नये.

भाड्याने देणाऱ्या किंवा मोठ्या संस्थांच्या ताफ्यातून निघालेल्या गाड्या मात्र सरसकट नाकारू नयेत. त्यांचे किलोमीटर जास्त असतात, पण देखभाल वेळापत्रकाप्रमाणे झालेली असते आणि तिची नोंद मिळते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिल्यानंतर मी दोन गाड्या पाहून आलो. मॉडेल एकच आणि वर्षही एकच, म्हणून तुलना करणे सोपे होईल असे वाटले होते, पण गोंधळ वाढला आहे.

पहिली डीलरकडे आहे. किलोमीटर फारच कमी, आतून-बाहेरून नव्यासारखी, टायरही नवे. सर्व्हिसचे पुस्तक हरवले आहे असे सांगतात, आणि तपासणी करायची असेल तर मेकॅनिकला त्यांच्याच आवारात आणा, गाडी बाहेर सोडणार नाही, असे म्हणतात. दुसरी थेट मालकाकडे आहे. तिचे किलोमीटर पहिलीच्या दुपटीहून जास्त आहेत, टायर जुने, पुढच्या बंपरवर ओरखडे. परंतु गाडी घेतल्यापासूनच्या पावत्या आहेत आणि मालकांनी ‘कुठेही नेऊन तपासा’ असे आपण होऊन सांगितले. घरच्यांचा ओढा पहिलीकडे आहे, कारण कमी चाललेली गाडी जास्त टिकेल असे सगळ्यांना वाटते. कमी किलोमीटरला खरोखर इतके महत्त्व द्यावे का?

प्रतिसाद १ देणाऱ्यांचे उत्तर

तो आकडा खरा असेल तर महत्त्व द्यावे, आणि खरा असला तरी एका मर्यादेपर्यंतच. आजचे मीटर डिजिटल असल्यामुळे मागे फिरवता येत नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात योग्य उपकरण जोडले की आकडा बदलता येतो, आणि बाहेरून काही खूण राहत नाही. म्हणून मीटरवर काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून गाडी काय सांगते ते पाहावे लागते. ब्रेक आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगवर हात टेकतो तिथले चामडे, चालकाच्या आसनाची दाराकडची कड, गिअरच्या दांड्याची मूठ : या जागा रोजच्या वापराने झिजतात. थोडक्या किलोमीटरच्या गाडीत पायपट्टीचे रबर एका कडेने गुळगुळीत झालेले असेल, किंवा बाकी सगळे तसेच असताना नेमकी तेवढीच पट्टी कोरी असेल, तर संशय घ्यायला जागा आहे.

नवे टायरही बोलतात. टायरच्या बाजूवर चार अंकी उत्पादन-संकेत असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. टायर साधारणपणे दहा हजारांच्या कित्येक पट किलोमीटर चालतात. मीटरवरच्या आकड्यात पहिला संच संपायलाच नको होता, तरी तो बदललेला असेल, तर का बदलला हे विक्रेत्याला विचारणे योग्य आहे. वयामुळे रबर कडक झाले म्हणून बदलले, हे उत्तर खरे असू शकते. पण ते पटण्यासाठी काही कागद हवा. हरवलेले सर्व्हिस पुस्तक ही स्वतंत्रपणे छोटी गोष्ट आहे. किलोमीटर कमी, टायर नवे आणि पुस्तक गायब हे तिन्ही एकत्र आले, की मी थांबतो. अधिकृत सर्व्हिस केंद्रात चासी नंबरवरून जुन्या नोंदी निघू शकतात. डीलरला त्या काढून आणायला सांगा, आणि तो काय करतो ते पाहा.

आवारातच तपासणी करायची अट अगदीच अमान्य करण्यासारखी नाही, विम्याच्या कारणाने काही विक्रेते ती घालतात. पण तिथे लिफ्ट आहे का, रस्त्यावर गाडी चालवून पाहू देतील का, आणि मेकॅनिकला गाडीच्या संगणकाला निदान-यंत्र जोडू देतील का, एवढे विचारा. हे यंत्र जोडण्याची प्रमाणित जागा अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीची आहे, त्यामुळे आता ती बहुतेक गाड्यांत असते. दोषाची नोंद कोणी नुकतीच पुसली असेल, तर गाडीच्या स्वयंचाचण्या, म्हणजे तिचा संगणक चालता चालता आपणहून करतो त्या तपासण्या, अपूर्ण दिसतात. त्या पुऱ्या व्हायला काही दिवसांची नेहमीची धाव लागते. दोषाचा एकही संकेत नाही, पण निम्म्या चाचण्या अपूर्ण, असे चित्र दिसले तर आधी काय पुसले हे विचारावे.

आता समजा पहिल्या गाडीचा आकडा अगदी खरा आहे. तरीही वर्षानुवर्षे थोडीथोडीच चाललेली गाडी निर्दोष असते असे नाही. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा साठतो, ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि रबराचे पाइप, सील, बेल्ट हे न चालताही म्हातारे होतात. विशेषतः इंजिनला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असेल तर त्याच्या बदलाची मुदत किलोमीटरमध्ये आणि वर्षांमध्ये अशी दोन्हींत दिलेली असते, आणि जी आधी येईल ती पाळायची असते. बऱ्याच इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दुसऱ्या गाडीच्या पावत्यांत तो बेल्ट बदलल्याची नोंद आहे का ते आजच पाहा. नसेल तर त्या कामाचा आणि चार टायरांचा खर्च किमतीतून वजा करून मागणे पूर्णपणे न्याय्य आहे.

माझे मत विचाराल तर मी दुसऱ्या गाडीची तपासणी आधी करून घेईन.

प्रतिसाद ४

दोन मुद्दे राहिले आहेत, ते जोडतो. पहिला परत बोलावणीचा. सुरक्षेशी संबंधित दोष सापडल्यावर कंपन्या गाड्या परत बोलावून तो भाग सामान्यतः मोफत बदलून देतात, पण गाडीचे हात बदलले की ती सूचना नव्या मालकापर्यंत पोचत नाही. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण सर्वांत मोठे आहे : उष्ण आणि दमट हवेत त्यातले रसायन वर्षांगणिक खराब होत जाई आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडत. त्यात लोकांचे जीव गेले, आणि जगभरातून कोट्यवधी एअरबॅग परत बोलवाव्या लागल्या. चासी नंबर देऊन कंपनीकडे विचारले तर आपल्या गाडीचे असे काही काम बाकी आहे का ते समजते. मालकाकडून घ्या वा डीलरकडून, हे विचारायला पैसे लागत नाहीत.

दुसरा पुराच्या पाण्याचा. अशा गाड्या दूरच्या ठिकाणी नेऊन, धुऊन-पुसून विकल्या जातात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो त्यावर चिखलाची रेघ राहिलेली असू शकते. आसनांच्या खालचे बोल्ट गंजलेले आहेत का, डिकीतल्या जादा चाकाच्या खळग्यात गाळ आहे का, हेही हात घालून पाहा. आत सुगंधी फवाऱ्याचा उग्र वास असेल तर काचा बंद करून थोडा वेळ बसून राहा.

प्रश्नकर्ता

मालकांना फोन केला. टायमिंग बेल्ट बदललेला नाही, हे त्यांनी स्वतःहूनच सांगितले आणि तेवढी रक्कम कमी करायला ते तयार आहेत. परवा सकाळी गाडी तपासायला नेतो आहे; इंजिन थंड ठेवायला सांगितले आहे. विसार किती द्यावा आणि त्याची पावती कशी असावी?

प्रतिसाद २ देणाऱ्यांचे उत्तर

तपासणीपूर्वी काहीही देऊ नये. तपासणी समाधानकारक झाल्यावर, गाडी दुसऱ्याला दाखवू नये एवढ्यापुरतीच छोटी रक्कम बँकेमार्फत द्यावी. पावतीवर चासी नंबर, त्या दिवशीचे मीटरवरचे किलोमीटर, ठरलेली एकूण किंमत, बेल्टसाठी वजा केलेली रक्कम आणि नावावर करून देण्याची शेवटची तारीख लिहून घ्यावी. बोजा किंवा दंड बाकी निघाल्यास विसार पूर्ण परत मिळेल, हे वाक्यही त्यात असू द्या. दोघांच्या सह्या झाल्यावर तिथेच एक प्रत त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे राहील असे करा, आणि दोन्ही किल्ल्या केव्हा मिळणार तेही त्यात लिहा. दुसरी किल्ली नंतर बनवून घेणे बरेच महागात पडते.